परदेशात एकटीने क्रूझ करावी का? (वय ५९, शाकाहारी, बोट लागते)

प्राजक्ता_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. मी बँकेतून नुकतीच निवृत्त झाले. लग्न केलेलं नाही. आजवरचे सगळे प्रवास थोरल्या बहिणीबरोबर झाले. तिचे गुडघे आता साथ देत नाहीत आणि "माझ्यासाठी थांबू नकोस" असं तीच मला सांगते आहे. युरोप बघायची फार इच्छा आहे, पण रोज नवं गाव, रोज पहाटे बॅगा दाराबाहेर आणि दिवसभर बस, असा प्रवास आता नको वाटतो. म्हणून क्रूझचा विचार सुरू केला. बार्सिलोनाहून निघून मार्सेय, जेनोआ, नेपल्स, माल्टा करून परत बार्सिलोना, अशी सात रात्रींची एक सहल बघून ठेवली आहे.

अडलेल्या गोष्टी सांगते. एजंट म्हणतो, एकट्या माणसाला जवळजवळ दोघांचे पैसे पडतील. असं का, आणि त्यातून काही मार्ग निघतो का? दुसरं म्हणजे संध्याकाळचं जेवण. सगळीकडे जोडपी आणि कुटुंबं असणार, त्यात मी एकटी कुठे बसू? मी शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. आणि मला बोट लागते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जातानाही मळमळलं होतं.

घरातले काही जण "पाण्यात एकटीला काही झालं तर कोण बघणार" म्हणून घाबरवत आहेत. जे खरोखर एकटे गेले आहेत त्यांनी मोकळेपणाने सांगावं. गोडगोड नको, जे जड गेलं तेही सांगा.

---

भूगोलबाई

प्राजक्ताताई, मी वाईची. शाळेत भूगोल शिकवायचे. तुम्ही म्हणता तसं भूमध्य समुद्रातलं मोठं जहाज मी एकटीने केलं आहे, आणि नॉर्वेच्या किनाऱ्याने जाणारी टपालाची बोटही केली आहे. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी पैशाचं. जहाजाचं भाडं "एका खोलीत दोघं" असं धरून माणशी सांगतात. तुम्ही एकट्या गेलात तरी खोली तेवढीच अडते, शिवाय दुसऱ्या माणसाने जहाजावर जो खर्च केला असता तोही कंपनीच्या हातून जातो. म्हणून दुसऱ्या माणसाचं भाडं पूर्ण किंवा बरंचसं तुमच्यावर येतं. पण एजंटाकडून बिलाची फोड करून मागा. बंदराचे कर आणि रोजची टिप एकाच माणसाची लागायला हवी. दुप्पट व्हायचं तर ते मूळ भाडं. मला एका सहल कंपनीने सगळी रक्कमच दुप्पट करून दिली होती, फोड मागितल्यावर ती बरीच खाली आली.

काही जहाजांवर एकट्यासाठीच बांधलेल्या खोल्या असतात. नॉर्वेजियन एपिक हे जहाज २०१० साली आलं तेव्हा त्यावर अशा १२८ छोट्या खोल्या होत्या, जेमतेम १०० चौरस फुटांच्या, समुद्राकडे खिडकी नसलेल्या, पण त्या प्रवाशांना एकत्र बसायला वेगळा दिवाणखाना दिलेला. क्वीन मेरी २ वर २०१६ मध्ये एकट्यांसाठी १५ खोल्या काढल्या, त्यांना मात्र समुद्र दिसतो. अशा खोल्या थोड्या असतात आणि लवकर संपतात, शिवाय कधी कधी साध्या खोलीच्या दुप्पट भाड्याच्या जवळपासच जातात. तेव्हा "एकट्यासाठीची खोली" हे शब्द ऐकून भुलू नका, दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. हंगामाच्या कडेला, म्हणजे एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरनंतर, जहाज भरत नसेल तर हा जादा भार उतरतो.

आता पैशापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते. एकट्या बाईला जमिनीवरच्या प्रवासात नेमकं काय जड जातं? अंधार पडल्यावर परक्या गावात हॉटेल शोधणं, जिन्यावरून बॅग चढवणं, रात्रीचं जेवण, आणि उद्याच्या गाडीची धाकधूक. जहाज ही चारही ओझी उचलतं. बॅग एकदा उघडली की उघडली. रात्री नऊला एकटीने डेकवर फिरताना मी एकदाही मागे वळून बघितलं नाही. आपल्याकडे कुठल्या गावात इतक्या निर्धास्तपणे मी रात्री फिरले होते, हे मला आठवेना. जहाज दोनच गोष्टी सोडवत नाही: खोलीचं भाडं, आणि सुंदर काही दिसलं की शेजारच्याला कोपराने ढोसायची सवय. दुसरी जास्त छळते. माल्टाची राजधानी व्हॅलेटा, तिच्या ग्रँड हार्बरमध्ये जहाज सकाळी शिरतं तेव्हा दोन्ही बाजूंनी मधाच्या रंगाचे तट वर येत जातात. तिथे मी "अगं बघ" असं मोठ्याने म्हणाले आणि शेजारी कुणी नव्हतं. तेव्हा पोटात तुटलं. हे होणार, त्याची तयारी ठेवा.

तुमच्या मार्गावरची बंदरं एकटीला सोपी आहेत का, हे वेगवेगळं बघायला हवं. नेपल्सला जहाज थेट गावातच लागतं, उतरलं की समोर किल्ला. पॉम्पेईला लोकल गाडी जाते, पाऊण तासाच्या आत पोचवते, गाडीत पर्स पुढे धरून बसायचं. माल्टाला बंदरातून वरच्या बॅराक्का बागेत न्यायला ५८ मीटर उंचीची लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही. दुपारी बाराला तिथे तोफ उडते, त्या सुमारास वर पोचा. मार्सेयचा क्रूझचा धक्का मात्र जुन्या बंदरापासून लांब आहे, तिथे बस किंवा टॅक्सी धरूनच हिशेब करा. जेनोआत जुनं गाव पायी फिरण्यासारखं आहे. चिंचोळ्या गल्ल्या आहेत, दिवसाच फिरा.

जेवणाचं. बुकिंग करतानाच "मोठ्या टेबलावर इतरांबरोबर बसवा" असं लिहून द्या. दोघांच्या टेबलावर एकटीने बसलं की समोरची रिकामी खुर्ची पूर्ण जेवणभर तुमच्याकडे बघत असते. मोठ्या टेबलावर मला निवृत्त नर्स भेटली, एक वडील-मुलगी भेटले, आणि बायको गेल्यावर पहिल्यांदाच बाहेर पडलेले एक आजोबा भेटले. ते आजोबा पहिल्या रात्री काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या रात्री बायकोला आवडणारं आइस्क्रीम मागवून त्यांनी सगळ्यांना वाटलं. एकटं जाण्यातलं मोल मला तिथे कळलं. बहिणीबरोबर असते तर आम्ही दोघी मराठीत बोलत बसलो असतो आणि त्या टेबलावरचं कुणीच आमच्यापर्यंत पोचलं नसतं.

आता माझं खरं प्रेम, नॉर्वे. तुम्ही बघून ठेवलेलं जहाज वाईट नाही, पण ते तरंगतं शहर असतं. हजारो माणसं, सतत संगीत, दुकानं. एकट्या माणसाला अशा गर्दीत जास्त एकटं वाटू शकतं. नॉर्वेच्या किनाऱ्यावरची बोट ही कामाची बोट आहे. २ जुलै १८९३ ला कॅप्टन रिचर्ड विथ यांनी ट्रॉन्डहाइमहून हॅमरफेस्टकडे पहिली फेरी नेली. त्याआधी दक्षिणेतलं पत्र उत्तरेला पोचायला उन्हाळ्यात तीन आठवडे आणि हिवाळ्यात पाच महिने लागायचे. अंधारात, खडकांमधून, होकायंत्र आणि घड्याळ यांच्या भरवशावर हा माणूस बोट चालवायचा. आज ही सेवा बर्गनहून रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत आणि परत अशी १२ दिवसांची आहे, वाटेत ३४ बंदरं. हुर्टिगरूटेन आणि हाविला अशा दोन कंपन्या ती चालवतात. जाताना जी बंदरं रात्री येतात त्यातली बरीचशी परतताना दिवसा येतात, म्हणून खोली डावीकडची की उजवीकडची याची काळजी नको.

मी वर्षानुवर्षं फळ्यावर फ्योर्डची आकृती काढली. हिमनदीने कोरलेली दरी, त्यात शिरलेला समुद्र. पण ट्रोलफ्योर्डमध्ये बोट शिरली आणि दोन्ही कडे इतके जवळ आले की त्यांच्यावरून झिरपणारं पाणी दिसत होतं, तेव्हा ती आकृती मला पहिल्यांदा समजली. आखाती प्रवाहाच्या उबेमुळे इथली बंदरं हिवाळ्यातही चालू राहतात, हेही मी पाठ करून घ्यायचे. त्याच अक्षांशावर ग्रीनलंड बर्फाखाली आहे आणि इथे लोक सायकल घेऊन बोटीत चढतात!

हो, लोक चढतात, आणि एकट्या प्रवाशासाठी हीच मोठी गोष्ट आहे. काही बंदरांत बोट जेमतेम पंधरा मिनिटं थांबते. फोर्कलिफ्ट माल उतरवते, दोन शाळकरी मुलं चढतात, एक आजीबाई उतरते. लोफोटेन बेटांच्या आधी अशीच एक बाई माझ्या शेजारी विणकाम घेऊन बसली, पुढच्या बंदरावर मुलीकडे निघाली होती. तिचं इंग्रजी मोडकं आणि माझं शाळेतलं, पण टाका कसा उचलते ते तिने मला दाखवलं. रात्री दोनलाही मी बंदर बघायला उठायचे. कुणाला विचारायचं नाही, कुणाची झोप मोडायची नाही. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत उत्तर टोकाजवळच्या नॉर्थ केपला सूर्य मावळतच नाही. त्या दिवसांत "उशीर झाला, आता झोप" असं म्हणणारं सोबत नसणं मला फार आवडलं.

बोट लागण्याबद्दल: हा मार्ग बराचसा बेटांच्या आडोशाने जातो. स्टाडचं भूशिर, हुस्टाडविका आणि बोडोहून लोफोटेनला जाताना लागणारा वेस्टफ्योर्ड, एवढे पट्टे उघडे आहेत. खोली खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मध्यावर घ्या, तिथे हेलकावा सगळ्यात कमी. डॉक्टरांना विचारून गोळी जवळ ठेवा आणि उघड्या पट्ट्याच्या आधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग कमी. मी आलेपाकाच्या वड्या नेल्या होत्या. पोट अगदी रिकामं ठेवू नका.

---

मालवणचा_दर्या

ताई, मी मालवणचा, क्रूझच्या जहाजांवर हाऊसकीपिंगला आहे. आमच्या भागातली आणि गोव्याची पुष्कळ मुलं या कामात आहेत. तुमच्या जहाजावरही कुणीतरी कोकणी-मराठी बोलणारा निघण्याची शक्यता चांगली आहे. भूगोलबाईंनी बरंच सांगितलं, मी जहाजाच्या आतल्या बाजूने सांगतो.

"एकटीला काही झालं तर" या भीतीबद्दल. जहाजावर दवाखाना आणि डॉक्टर चोवीस तास असतो. एकट्या पाहुण्याने पहिल्याच दिवशी आपल्या खोलीच्या स्टुअर्डला सांगून ठेवावं, "मी एकटी आहे, सकाळी उशिरापर्यंत दिसले नाही तर दार वाजव." यात लाजू नका. आम्हाला खोल्या आणि माणसं तोंडपाठ असतात, सांगितलंत तर लक्ष जास्त राहतं. मात्र दवाखान्याचं बिल तुमच्या खात्यावर लागतं आणि ते महाग असतं. विमा घेताना त्यात जहाजावरचे उपचार आणि जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च आहे का, हे लेखी विचारा.

सुटण्याआधी सुरक्षा कवायत असते, ती टाळू नका. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉनकॉर्डिया जिलिओ बेटाजवळ खडकावर आपटून ३२ माणसं गेली, तेव्हा नव्याने चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची कवायत झालीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ती घेणं सक्तीचं झालं. तुमचं जमण्याचं ठिकाण स्वतःच्या पायांनी एकदा चालून बघा. जोडीने आलेले एकमेकांना आठवण करतात, तुम्हाला ते स्वतःच पाठ असायला हवं.

बंदरावर उतरताना परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे लिहून घ्या. मोबाईल कधी कधी स्वतःच वेगळी वेळ दाखवतो. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा तुम्हाला पुढच्या बंदराला पोचवायची सोय कंपनी करते. स्वतःचे गेलात तर जहाज थांबत नाही. रोजच्या पत्रकावर बंदरातल्या एजंटाचा फोन नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. पासपोर्टची एक छायाप्रत अंगावर असू द्या.

शाकाहाराचं सांगतो. बुकिंगमध्ये "भारतीय शाकाहारी, अंडं नाही" असं लिहा, आणि पहिल्या रात्री मुख्य वेटरला भेटून उद्याचं जेवण आजच सांगा. स्वयंपाकघरात भारतीय आचारी असला तर डाळ-भाजी आनंदाने करतो, त्यालाही घरची आठवण येते. पण ऐन जेवणाच्या वेळी सांगितलंत तर जमत नाही. किटली, इस्त्री नेऊ नका, सामान तपासताना काढून ठेवतात. आणि पेढे-बर्फीही नको. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे.

जहाज समुद्रात असताना मोबाईल विमानाच्या मोडवर ठेवा. नाहीतर तो जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला लागतो आणि घरी आल्यावर बिल बघून माणूस हबकतो. आणि कृपा करून हात साबणाने धुवा. पोटाची साथ जहाजावर फार लवकर पसरते, सगळ्यात जास्त हाल आमचे होतात.

---

निलेश_ठाणे

मी सिंगापूरहून थोड्या रात्रींची क्रूझ एकट्याने केली, पेनांग आणि फुकेत. पहिल्यांदा जाणाऱ्याला हा पर्याय चांगला वाटतो. भारतीय शाकाहारीच नाही तर जैन जेवणही सहज मिळालं. बोट लागते का तेही थोडक्यात कळतं. पण प्राजक्ताताईंना युरोप बघायचा असेल तर यात युरोप नाही, हे उघड आहे. आणि आपल्याकडची कुटुंबं मोठ्या संख्येने असतात. "एकटेच? घरचे कुठे?" हा प्रश्न मला प्रत्येक जेवणाला आला. प्रेमाने विचारतात, पण थकायला होतं.

---

प्राजक्ता_कोल्हापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. दर्याभाऊ, स्टुअर्डला सांगून ठेवायची गोष्ट बहिणीला वाचून दाखवली, तिचा जीव भांड्यात पडला.

भूगोलबाई, नॉर्वेने मन वळवलं आहे. दोनच शंका. त्या बोटीवर संध्याकाळी करमणूक काही नसते का? आणि व्हिसा मी एकटी, निवृत्त, अविवाहित असल्यामुळे अडवतील का?

---

भूगोलबाई

करमणूक जवळजवळ नाही. नाटक, नाच, जुगार काही नाही. उत्तर ध्रुववृत्त ओलांडताना वरुणराजासारखा वेश केलेला माणूस येऊन मानेवर बर्फ ओततो, तेवढी मजा. एरवी उंच काचांच्या खोलीत बसून बाहेर बघायचं. ज्यांना रोज संध्याकाळी कार्यक्रम हवा त्यांनी या बोटीला जाऊ नये, हे मी स्पष्टच सांगते. तुम्ही बस नको म्हणालात, धावपळ नको म्हणालात, म्हणून मला वाटतं तुम्हाला जमेल. हिवाळ्यात ध्रुवीय प्रकाश दिसण्याची आशा असते, पण दिवस फार लहान आणि समुद्र जास्त खवळलेला. तुम्हाला बोट लागते, तेव्हा पहिल्या खेपेला मे किंवा जून.

व्हिसा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, मे-जूनची गर्दी धरून लवकर करा. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, पण दर्यांनी सांगितलेलं जहाजावरचं संरक्षण त्यात असेलच असं नाही, ते वेगळं तपासा. एकटं असणं हे नकाराचं कारण नसतं. परत येण्यासारखं काय आहे, हे ते बघतात. पेन्शनचा आदेश, बँकेचं विवरण, घराची कागदपत्रं, आणि कुठल्या तारखेला कुठे असणार याचा स्वच्छ तक्ता जोडा. पुढे कधी भूमध्य समुद्राचं जहाज घेतलंत आणि ते तुर्कस्तानातल्या कुशादासीला किंवा मॉन्टेनेग्रोतल्या कोटोरला जाणार असेल, तर शेंगेनमध्ये अनेकदा प्रवेशाचा व्हिसा मागा. मधेच बाहेर पडून परत आत यायचं असतं.

एक कळकळीने सांगते: विमान बोट सुटण्याच्या दिवशीचं घेऊ नका. आदल्या दिवशी बर्गनला पोचा. मधे विमान बदलावं लागतं आणि बॅग मागे राहू शकते. सोबत कुणी असेल तर दोघांच्या बॅगांत कपडे वाटून ठेवता येतात, एकटीची एकच बॅग. औषधं, एक जोड कपडे आणि गरम जाकीट हातातल्या पिशवीत. बर्गनमध्ये पाऊस भरपूर आणि वाराही असतो, तेव्हा छत्रीऐवजी टोपीचा रेनकोट. आदल्या संध्याकाळी वेळ मिळेल, तर फ्लोयेनच्या टेकडीवर रेल्वे जाते, तिने वर जा. खाली बंदरात उभ्या बोटी दिसतात.

खोलीचे दर आले की इथे टाका, बिलाची फोड आपण मिळून बघू.